हरलेल्यांची जमवाजमव

माझ्या कपाटात एक पांढरा डबा आहे. सुरू केला की तो आधी आजची तारीख विचारतो. आतल्या घड्याळाची बॅटरी केव्हाच गेली, आणि ती डाग देऊन बसवलेली असल्यानं बदलायला कारागीर लागतो. तो अजून मिळालेला नाही. म्हणून रोज मीच त्याला तारीख सांगतो. हा सेगा कंपनीचा 'ड्रीमकास्ट'.

मंडळी, कुणी नाणी जमवतं, कुणी पोस्टाची तिकिटं. मी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम जमवतो, तेही बाजारात हरलेले. जिंकलेल्यांना वाली पुष्कळ असतात.

ड्रीमकास्ट नोव्हेंबर १९९८मध्ये जपानात आला. त्यात मोडेम होता, म्हणजे फोनची तार जोडून परगावच्या माणसाशी खेळता येई. खेळ नोंदवून ठेवणाऱ्या इवल्याशा कार्डालाही पडदा आणि बटणं होती. ते खिशात टाकून वेगळे छोटे खेळ खेळावेत. पण मार्च २०००मध्ये सोनीचा 'प्लेस्टेशन २' आला, आणि त्यावर डीव्हीडीचे सिनेमेही दिसत! सेगा आधीच तोट्यात होती. जानेवारी २००१मध्ये तिनं यंत्रं बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. आता ती एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांसाठी खेळ बनवते.

निन्टेंडोचा २०१२चा 'वी यू'ही असाच आपटला. पुष्कळांना तो जुन्या 'वी'चा जोडभागच वाटला. पण कंपनीच्या गाठीला पैसा होता. ती तरली, आणि २०१७चा तिचा 'स्विच' पंधरा कोटींच्या वर खपला.

मात्र 'वी यू'चं ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये बंद झालं. जे खेळ फक्त तिथंच मिळत, ते आता विकत घेता येत नाहीत. २०२४च्या 'प्लेस्टेशन ५ प्रो'मध्ये तर डिस्कची खाच नाही, ती वेगळी घ्यावी लागते. कंपनीचं गणित सरळ आहे. कमाई यंत्रापेक्षा खेळांवर असते, आणि डाउनलोड केलेला खेळ गिऱ्हाइकाला दुसऱ्याला विकता येत नाही. मायक्रोसॉफ्ट तर आपले काही खेळ सोनीच्या यंत्रावरही देऊ लागली आहे. मला वाटतं, या कंपन्या हळूहळू डबे विकणं कमी करतील आणि नुसत्या दुकानदार होतील.

माझ्या भाच्याकडे नवं यंत्र आहे, डिस्क एकही नाही. परवा म्हणाला, "मामा, हे जुनं झालं की तुझ्या कपाटात ठेवशील?"

ठेवीन म्हटलं. पण तेव्हा ते सुरू केल्यावर पडद्यावर काय येईल, ते मात्र त्याला सांगता आलं नाही.