आंतरराष्ट्रीय मानके आणि आपली जनसुनावणी



कोणत्याही मोठ्या खाण कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. गुळगुळीत कागद, हिरवी झाडे, शाळेतली हसरी मुले आणि एक ठरलेले वाक्य: आम्ही आंतरराष्ट्रीय मानकांशी बांधील आहोत. या वाक्याची टिंगल करायला मी उभा नाही. ते कुठे धरायचे, एवढेच सांगायचे आहे.

कोफी अन्नान यांनी १९९९ साली दावोसला कल्पना मांडली आणि जुलै २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'ग्लोबल कॉम्पॅक्ट' सुरू झाला. मानवी हक्क, कामगार व पर्यावरण यांविषयी नऊ तत्त्वे होती. २००४ मध्ये भ्रष्टाचारविरोधाचे दहावे आले. कंपनीप्रमुखाने सही करायची, दरवर्षी अहवाल धाडायचा. तपासायला खाणीवर कोणी येत नाही. २०१० चे आयएसओ २६००० तर निव्वळ मार्गदर्शक आहे. त्याचे प्रमाणपत्रच नसते. कोणी दाखवले तर खुशाल हसा!

मग हे सगळे फोल का? तसेही नाही. वेदांताचे उदाहरण घेतो, कारण २००७ मध्ये आपली सेसा गोवा याच समूहाकडे गेली. त्याच वर्षी नॉर्वे सरकारच्या पेन्शन फंडाने पर्यावरण आणि मानवी हक्कांच्या कारणावरून वेदांताला आपल्या गुंतवणुकीतून वगळले. वाद मुख्यतः ओडिशातल्या नियमगिरीचा. त्या डोंगराला डोंगरिया कोंध आदिवासी देव मानतात आणि तिथेच बॉक्साइटची खाण व्हायची होती. कंपनी तेव्हा लंडनच्या शेअरबाजारात होती, म्हणून ओईसीडीच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली तक्रार ब्रिटिश सरकारकडे गेली. सप्टेंबर २००९ मध्ये निष्कर्ष आला, की कंपनीने या लोकांशी पुरेशी सल्लामसलत केली नाही. दंड? शून्य. तशी तरतूदच नाही. मात्र २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनेही आपले भाग विकले. नैतिक वजन एवढ्यापुरते.

खाण अडली ती गावात. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्क कायद्याच्या आधारे प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही 'नको' म्हणाल्या. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली.

आता आपल्या गोव्याचे. इथे वनहक्काचे ते बळ सगळ्या गावांना नाही. जनसुनावणीत हरकत नोंदवता येते, नकार देता येत नाही. शिवाय खाण बंद झाली की कोणाची चूल विझते, हेही आपण पाहिले आहे. २०१२ मध्ये शहा आयोगाच्या अहवालानंतर आणि २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर ट्रकवाला, बार्जवाला, गॅरेजवाला घरी बसला. कायदा मोडणारे ते नव्हते. म्हणून 'खाण नको' ही माझी घोषणा नाही. कंपनीने आपलाच शब्द पाळावा, एवढी मागणी आहे.

डिचोलीचा ब्लॉक २०२२ च्या लिलावात वेदांताकडेच गेला. घरे, देवळे, शेती लीजच्या हद्दीतून वगळा, अशी मुळगावकरांची मागणी आहे. ती नुसती गावची तक्रार म्हणून का मांडायची? 'स्थानिकांशी सल्लामसलत' हे शब्द कंपन्यांच्याच अहवालांत छापलेले असतात. ती पाने झेरॉक्स करून जनसुनावणीला न्या. विहिरी आणि तळ्यांच्या पाण्याची मोजणी कोणी केली, केव्हा केली, आकडे कुठे लावले, ते विचारा. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका; ते इतिवृत्तात आले की नाही ते पाहा आणि प्रत मागून घ्या.