चित्र आवडलेंच पाहिजे काय?

वाशीम जिल्ह्यांतील रिठद गांवीं शेतावर धुकें उतरतें, तेव्हां त्याचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. पण तेथील रसिक मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत गेला, कीं ‘हें चित्र कशाचें?’ म्हणून अडतो.

१९२४ सालीं नागपुरांत जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांनीं पुढें वस्तूंचे आकार सोडले. रोलर व सुरी यांनीं रंगांचे थर चढवून, खरवडून चित्रें घडविलीं. २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयांत त्यांचें प्रदर्शन भरलें. म्हणून तीं प्रत्येकास आवडलींच पाहिजेत, असें मात्र नाहीं. कीर्तीपुढें मान डोलावणें ही रसिकता नव्हे. न पाहतांच नाक मुरडणें हीहि नव्हे. एका चित्रापुढें निवांत उभें राहावें. मग ‘आवडलें नाहीं’ हा निर्णयहि प्रामाणिक ठरतो.