चांगथांगच्या पठारावर



सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1910 च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी डभोईजवळ वढवाणा तलाव बांधला गेला. हिवाळ्यात तेथे उतरणारे पट्टकादंब आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील. पांढऱ्या मस्तकावर दोन काळे पट्टे, हीच त्यांची ओळख. आपण त्यांना पाहुणे म्हणतो. या पाहुण्यांचे घर पाहावे, म्हणून एका जूनमध्ये मी लडाखच्या चांगथांग पठारावर गेलो.

त्सो मोरिरी सरोवर सुमारे 4,500 मीटर उंचीवर आहे. तेथे चार पावले चालताच धाप लागते. दुर्बीण स्थिर धरणे हीच एक साधना होऊन बसते. पट्टकादंब मात्र तेथे पिले वाढवितात आणि विरळ हवेतून हिमालय ओलांडतात. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक सहजपणे बांधून घेते. उपग्रहाने माग काढलेला एक पक्षी 7,290 मीटरपर्यंत चढल्याची नोंद आहे. एरवी ते डोंगरउतार धरून, खालीवर होत जातात. एव्हरेस्टवरून उडण्याच्या कथा रम्य खऱ्या, पण मला हा काटकसरी प्रवासीच अधिक भावतो.

मन गुंतले ते मात्र काळ्या मानेच्या क्रौंचात. गुजरातच्या भातशेतांतील सारसाचा हा भाऊबंद आपल्या मैदानात उतरत नाही. त्सो कर या खाऱ्या सरोवराशेजारी स्तार्त्सापुक त्सो हे गोड्या पाण्याचे तळे आहे. त्याच्या दलदलीत एक जोडी अंडी उबवीत होती. अंडी बहुधा दोनच; नर-मादी आळीपाळीने बसतात.

त्सो कर 2020 मध्ये, तर आपला वढवाणा 2021 मध्ये रामसर यादीत आला. त्याच 2021 मध्ये लडाखने या क्रौंचाला आपला मानाचा पक्षी ठरविले. कुत्र्यांना हे कोण सांगणार? चांगपा मेंढपाळांची कुत्री लांडग्यांपासून कळप राखतात. त्यांना दोष देववत नाही. वस्त्या, छावण्या आणि पर्यटकांचे तंबू यांच्या उष्ट्यावर वाढलेली मोकाट कुत्री मात्र क्रौंचांची अंडी आणि पिले खातात.

आमच्या देखतच असे एक कुत्रे काठाकाठाने निघाले. घरट्यावरचा पक्षी उठला, जोडीदार पंख पसरून पुढे झाला. एका मेंढपाळाने दुरून दगड भिरकावला आणि कुत्रे वळले. पक्षी पुन्हा अंड्यांवर बसेपर्यंत आम्ही जागचे हललो नाही. मग उरलेल्या पोळ्या डब्यात भरल्या आणि लेहपर्यंत परत नेल्या.