खोगीर आणि खोगीरभरती



या व्यासपीठावरून गेल्या चार दिवसांत आपण उपनिषदे, सहकार आणि रंगभूमी या विषयांवर विद्वानांची व्याख्याने ऐकली. आज फटफटीच्या गादीविषयी ऐकावे लागणार म्हणून कोणी कपाळाला आठी घातली असेल, तर तीत आम्हांस काही वावगे वाटत नाही. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो जरा भीतभीतच सांगितला होता. परंतु आत येताना दाराशी किती दुचाक्या उभ्या आहेत ते आम्ही पाहिले, आणि धीर आला. त्यांचे मालक येथेच बसले आहेत. सुट्टी लागली की त्यांतले काही गोव्याला, काही हंपीला आणि एखादा हौशी थेट लेहला निघणार. निघण्यापूर्वी ते बाजारात जातील आणि प्रवास सुखाचा व्हावा म्हणून गाडीवर काहीबाही चढवून घेतील. आजचे बोलणे त्या काहीबाहीविषयी आहे.

आपल्या भाषेत ‘खोगीरभरती’ असा एक शब्द आहे. घोड्याच्या खोगिरात जुन्या चिंध्या, लोकर, हाताला येईल ते कोंबीत, ती खोगीरभरती. पुढे निरुपयोगी माणसांच्या भरण्याला आपण तो शब्द लावला आणि मूळ अर्थ विसरलो. पण मूळ अर्थातही शहाणपण होते. भरती चुकली की घोड्याची पाठ सोलून निघे आणि स्वाराची मांडीही. कोणती भरती हवी आणि कोणती नको, हे स्वाराला स्वतःच्या कातडीवरून कळे. आम्हांलाही ते तसेच कळले.

आमचा अनुभव मुख्यतः बुलेटचा. १९५५ साली मद्रासेत ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापन झाली, तेव्हापासून ही गाडी आपल्या रस्त्यांवर इतकी मुरली आहे की तिला विलायती म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तिच्यात एकच सिलिंडर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेऊ लागले की सेकंदाला पन्नास फेरे झाले, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर दट्ट्या वरखाली होऊन सांगाड्याला एक हिसका देतो. तीन तास चालवा, हिसक्यांची संख्या साडेपाच लाखांच्या घरात जाते. अलीकडच्या नव्या इंजिनांत तोल सावरणारा दांडा घातलेला असतो, त्यामुळे ही थरथर पुष्कळच उतरली आहे. पण आमची गाडी जुनी, आणि आमच्यासारख्या जुन्या गाड्यांचे धनी येथे पुष्कळ असावेत.

गाडीशी शरीराची गाठ तीन ठिकाणी पडते. घोड्याच्या भाषेत सांगायचे तर खोगीर, लगाम आणि रिकीब; म्हणजे बैठक, हँडल आणि पाय ठेवण्याचा फुटरेस्ट. कारखाना गाडी बांधतो ती एका सरासरी माणसासाठी. हा सरासरी माणूस आम्हांला अजून रस्त्यात भेटलेला नाही.

प्रथम बैठक. कोल्हापूरपर्यंत गेलो की कंबर आणि बूड यांची जी अवस्था होई, तिला कंटाळून आम्ही एका कुशनवाल्याकडे गेलो. त्याने जुना फोम काढून लोण्यासारखा मऊ फोम घातला, वर नवे रेक्झिन ताणले. आम्ही अंगठ्याने दाबून पाहिले आणि खूश झालो. पुण्याहून साताऱ्यापर्यंत ती खुशी टिकली. कऱ्हाडला उतरलो तेव्हा असे वाटले की आपण दोन तास लाकडी पाटावर बसलो होतो.

याचे कारण साधे आहे. बसलेल्या माणसाचा भार मुख्यतः कमरेखालच्या दोन हाडांच्या टोकांवर येतो. मऊ फोम त्या दोन टोकांखाली तेवढा दबतो आणि तासा-दोन तासांत तळाला टेकतो. मग मांड्यांना आधार उरत नाही आणि सगळे ओझे त्या दोन बिंदूंवर येते. घट्ट, पण रुंद आणि मांडीच्या वळणाने कोरलेला फोम दुकानात कडक वाटतो आणि निपाणीला गेल्यावर मऊ वाटतो. तेव्हा गादीची परीक्षा अंगठ्याने करू नये. प्रवासात घालणार तीच विजार घालून तिच्यावर अर्धा तास स्वस्थ बसावे. दुकानदार हसेल. हसू द्यावे. बैठकीला पुढे उतार असेल तर ब्रेक लावताच माणूस टाकीवर घसरतो आणि दर मैलाला मागे सरकत बसतो, तेही तेव्हाच कळते. आणि पाय जमिनीला पुरते टेकतात की नाही, हे विसरू नये. आमची गादी दोन इंचांनी उंचावली होती. पेट्रोल पंपावरच्या उताराला पाऊल अधांतरी राहिले आणि गाडी, सामान आणि आम्ही असे क्रमाने आडवे झालो.

हवेच्या कप्प्यांची गादी हा दुसरा उपाय, आणि तो खरोखर चांगला आहे. चाकाच्या खुर्चीत दिवस काढणाऱ्या रुग्णांना व्रण होऊ नयेत म्हणून अशा गाद्या वापरतात. कप्पे एकमेकांशी जोडलेले असतात, एकातली हवा दबली की शेजारी सरकते आणि भार वाटला जातो. मात्र हवा फार कमी भरावी लागते, हाड तळापासून जेमतेम उचलले जावे एवढीच. फुगा करून बसाल तर वळणावर डोलाल. आणि लेहला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर, लेह सुमारे ३,५०० मीटर. वर बाहेरच्या हवेचा दाब उतरतो, त्यामुळे पुण्यात भरलेली हवा तिथे जवळजवळ दीडपट पसरू पाहते. नेमकी केलेली गादी टणक होते आणि स्वार गाडीला दोष देतो. झडप उघडून थोडी हवा सोडली की काम झाले.

आता लगाम. येथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

हाताला मुंग्या येतात ही बहुतेकांची तक्रार. करंगळी आणि तिच्याजवळचे बोट आधी बधिर होते. पहिला उपाय फुकट आहे. हँडलचे बोल्ट थोडे सैल करून ते आपल्याकडे किंचित फिरवावे आणि ब्रेक-क्लचच्या मुठी अशा वाकवाव्यात की त्यांवर बोटे ठेवल्यावर मनगट मोडू नये, कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यावी. कोपर थोडे वाकलेले असावे. मूठ हलकी धरावी. जितकी घट्ट धराल तितकी थरथर हाताला अधिक पोहोचते. एवढ्याने आमच्या निम्म्या मुंग्या गेल्या, आणि तोवर आम्ही तीन वस्तूंवर पैसे खर्च करून बसलो होतो.

उंच माणसाला हँडल वर घेण्यासाठी खाली धातूचे ठोकळे बसवून मिळतात. ते चांगले, पण हँडल वर गेले की क्लचची वायर, अॅक्सिलरेटरची वायर आणि पुढच्या ब्रेकची नळी यांनाही तेवढे वर जावे लागते. ठोकळे बसवल्यावर गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवावे. आवाज वाढला तर वायर ताणली जाते आहे असे समजावे. नळी ताठ होत असेल तर ते ठोकळे परत करावेत किंवा लांब नळी घालावी. फिटर घाईत असतो. ही पाहणी आपणच करायची.

तिसरी वस्तू म्हणजे अॅक्सिलरेटरच्या मुठीवर बसणारी एक छोटी पट्टी. तिच्यावर तळहात टेकवला की मूठ पिळून धरावी लागत नाही, बोटे मोकळी राहतात. सपाट हमरस्त्यावर तिच्यासारखे सुख नाही. आम्ही तिच्या प्रेमातच पडलो होतो.

आजऱ्याहून आंबोलीकडे जात होतो. मागे सौ. बसल्या होत्या. एका वस्तीच्या तोंडाशी रंग उडालेला गतिरोधक होता, तो आम्हांला उशिरा दिसला. पुढचे चाक आदळले, अंग पुढे गेले, आणि तळहाताचा सगळा भार त्या पट्टीवर पडला. थांबायची ती गाडी उसळून पुढे गेली. समोरून एक शाळकरी मुलगा सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. त्याला चुकवायला आम्ही गाडी कडेच्या मातीत घातली आणि पडलो. मुलगा सुखरूप होता, आमच्याकडेच वाकून पाहत होता. सौं.च्या डाव्या मनगटाचे हाड मोडले होते. पुढचे सहा आठवडे प्लास्टर.

दोष त्या पट्टीचा म्हणावा तर ती बनवणाऱ्याने सांगितले तेच काम ती करीत होती. आम्ही ती बसवताना एकच प्रश्न विचारला होता, की हिने आराम मिळेल का. दुसरा विचारायला हवा होता: नको त्या क्षणी ही वस्तू काय करील? पट्टी बसवायचीच असेल तर ती अशा कोनात बसवावी की तळहात जरा उचलला की सुटावी, आणि गाव दिसताच फिरवून बाजूला करावी. आम्ही ती काढून टाकली.

हाच प्रश्न घेऊन रिकिबीकडे या. गुडघे अवघडतात म्हणून पुष्कळजण पुढच्या लेग गार्डवर जास्तीचे फुटरेस्ट बसवतात आणि पाय लांब सोडून चालवतात. पाय मोकळे होतात यात शंका नाही. पण तेथून मागच्या ब्रेकवर पाऊल यायला अर्धा सेकंद लागतो, आणि ताशी ८० किलोमीटरच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी ११ मीटर जाते. रिकाम्या, सरळ, दोन्ही कडा दिसणाऱ्या रस्त्यावर पाच मिनिटे पाय सोडावेत. घाटात आणि वस्तीत कदापि नाही. गुडघ्यांना खरा उपाय म्हणजे बैठक आणि मूळ फुटरेस्ट यांच्यातले अंतर वाढवणे, किंवा तासाला एकदा उतरून चार पावले चालणे. अमेरिकेत चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे १,६१० किलोमीटर, गाडी हाकून प्रमाणपत्र मिळवणारी एक संघटना आहे. त्या मंडळींना आमचा नमस्कार. आम्हांला चहा लागतो.

वाऱ्याची काच हा चौथा विषय. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात तर तो पावणेदोनपट होतो, १०० वर पावणेतीनपट. छातीवर हा रेटा तासन्‌तास घेणे म्हणजे हातांनी स्वतःला पुढे ओढत राहणे, आणि मान-खांदे का दुखतात ते त्यावरून कळते. काच हवी, पण तिची वरची कड नाकाच्या रेषेत असावी. पाहायचे तिच्यावरून, तिच्यातून नव्हे. पावसात चिखल उडाला की उंच काचेतून रात्री काही दिसत नाही. फार बुटकी काच वारा नेमका शिरस्त्राणावर फेकते आणि डोके गदागदा हलते. एकच काच दोन इंच वरखाली करून पाहिली तरी मोठा फरक पडतो.

थंडीसाठी मुठी गरम करणारी तार मिळते. तिला छत्तीस वॅट लागत असतील तर बारा व्होल्टच्या गाडीतून तीन अँपिअर प्रवाह जाणार. तिला वेगळा फ्यूज हवा. दिव्याच्या तारेला टाके मारून जोडणाऱ्या कारागिराच्या दुकानातून गाडी ढकलत बाहेर आणावी.

राहिला मागचा माणूस. आम्ही वर्षभर स्वतःच्या बुडाचे लाड केले, आणि मागच्या बैठकीला हात लावला नव्हता. कायद्याने तिची थोडी काळजी केली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२८ वे कलम पाठीमागे एकच माणूस आणि पक्की बसवलेली बैठक सांगते; १९८९ च्या नियमांतला १२३ वा नियम धरायला कडी, पायाला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाला निम्मे तरी झाकणारे आवरण मागतो. लुगड्याचे पदर चाकात जाऊन किती संसार मोडले असतील ते त्या आवरणावरून समजावे. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्याला मनाई केली आहे. गादी, काच, मुठी यांना सहसा हरकत नसते. सांगाडा कापून बैठक खाली घेणाऱ्यांनी मात्र विचार करावा.

हात बरा झाल्यावरही सौ. वर्षभर गाडीवर बसल्या नाहीत. आम्ही आग्रह केला नाही. मग एके दिवशी त्याच म्हणाल्या, “अहो, गाडी तुमची असेल, पण पाठ माझी आहे. आता काय बसवायचे ते मी ठरवणार.” त्यांनी आमच्याबरोबर कारागिराकडे येऊन अर्धा तास मागच्या बैठकीवर बसून पाहिले. पाठीला टेका हवा, पण उतरताना पाय अडकणार नाही एवढा बुटका. कडी बाजूला नको, मागे हवी, कारण डाव्या मनगटाला पिळा सोसत नाही. मागची पेटी त्यांनी काढायला लावली. ती चाकाच्या आसाच्याही मागे लोंबे आणि भरली की पुढचे चाक हलके होई. तिच्या जागी दोन्ही अंगांना खोगिरी पिशव्या आल्या, जड सामान तळाशी. पुढल्या हँडलकडे पाहून त्यांनी विचारले, “ती पट्टी कुठे आहे?” आम्ही म्हटले, “काढली.” “मला दाखवा,” म्हणाल्या. कपाटातून काढून दाखवली. त्यांनी ती स्वतःच्या पिशवीत टाकली, आणि ती अजून त्यांच्याकडेच आहे.

त्यानंतर आम्ही दोघे दोनदा सावंतवाडीला जाऊन आलो. आता गाडीवर घट्ट फोमची बैठक, वळवलेले हँडल, कमी हवेची गादी, नाकाच्या रेषेतली काच आणि मागे तो बुटका टेका, एवढेच आहे. गाडी बाहेर कडुनिंबाखाली उभी आहे. ज्यांना बसून पाहायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर यावे. हँडलच्या बोल्टांना लागणारा पाना आम्ही बरोबर आणला आहे, आणि मागच्या बैठकीविषयीचे प्रश्न पहिल्या रांगेत बसलेल्या सौ.ना विचारावेत.