दाणा आणि भूस
(गोवंडी येथील अखंड हरिनाम सप्ताहातील कीर्तन)



गोवंडीत कीर्तनाला उभं राहिलं की मला गावाकडंच उभं राहिल्यासारखं वाटतं. समोर बसलेल्यांना विचारावं, बाबा गाव कोणतं, तर कुणी जालना सांगतो, कुणी बीड, कुणी परभणी, कुणी सातारा-सांगली. १९७२ च्या दुष्काळात कितीतरी घरं मुंबईची वाट चालली, त्यातली काही इथंच हार्बर लाइनीच्या कडेला टेकली. पोटासाठी आलात, पण टाळ-मृदंग गावात ठेवून नाही आलात. म्हणून आज तुमच्याशी शहराची गोष्ट बोलायची नाही. आज शेतातली बोलायची. पुस्तकातून वाचणाऱ्या माउलींनीही घटकाभर वावरात येऊन बसावं.

तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना खळं आठवत असेल. सोंगणी झाली, पेंढ्या बांधल्या, सुडी रचली. मग खळं सारवायचं, मधे तिवडा रोवायचा, बैलांची पात धरायची. आणि मग उफणणी. तिवईवर माणूस उभा, हातात भरलेलं सूप. वारा आला की भूस उडून बाजूला आणि दाणा सरळ पायाशी. वारा नसला तर? तर थांबायचं. दोन दोन दिवस वाऱ्याची वाट बघितलेली माणसं आहेत या मंडपात.

आता काय आलं? हार्वेस्टर आलं. कापणी, मळणी आणि उफणणी, तिन्ही कामं एकाच पोटात. ही युक्ती आजची नाही बरं का. १८३६ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या हायरम मूर नावाच्या माणसानं असं यंत्र आपल्या नावावर नोंदवलं. ते ओढायला पंधरा-वीस घोडे लागायचे. आपल्याकडं १९८० साली पंजाब ट्रॅक्टर्सनं 'स्वराज ८१००' काढलं, स्वतःच्या इंजिनावर चालणारं. पुढं पंजाबातून मशिनी निघायला लागल्या. हंगामाच्या तोंडाला हायवेवर बघा, पुढं हार्वेस्टर, मागं गाड्यावर त्याचा सोडवलेला चौदा फुटी कटर, आणि वर बसलेले सरदारजी. गहू पिकेल तिथं, सोयाबीन पिकेल तिथं जातात. तीही वारीच म्हणा.

आता या यंत्राच्या पोटात काय चालतं, ते नीट ऐका. कारण तेच आपल्याही आत चालायला पाहिजे.

पुढं फिरकी असते, ती पीक वाकवून पात्यावर आणते. पातं कापतं. कापलेलं आत ड्रमवर जातं. ड्रम म्हणजे मार. ड्रम आणि खालची जाळी, यांच्यामधल्या फटीत ओंबी घासली जाते आणि दाणा सुटतो. मग झटकणाऱ्या पट्ट्या काड हलवून हलवून मागं टाकतात, अडकलेला दाणा खाली पडतो. खाली चाळण्या, चाळण्यांना खालून पंख्याचा वारा. भूस उडतं, दाणा टाकीत जातो. झालं. कापणं म्हणजे वैराग्य. मार म्हणजे प्रपंचातली दुःखं. चाळणी म्हणजे विवेक. आणि वारा? वारा म्हणजे संतसंगती. वाऱ्याशिवाय भूस आपल्या बळावर उडत नाही, महाराज!

पण खरी गंमत पुढं आहे. ही सगळी अंगं असून भागत नाही, ती जुळवावी लागतात. ड्रम हळू फिरला तर दाणा ओंबीतच राहतो. जोरात फिरला तर दाणा फुटतो. गव्हाला जेवढा जोर लागतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास सोयाबीनला. बियाण्याचं सोयाबीन असेल तर मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेरे, पुढं नाही. त्याची साल नाजूक. वरून धड दिसेल, पण पेरलं तर उगवणार नाही. आता मला सांगा, घरातली दोन लेकरं काय एकाच धान्याची असतात का? एक गव्हासारखं, त्याला चार शब्द जोरात सांगितले तरी चालतं. दुसरं सोयाबीनसारखं. त्याच जोरानं बोललात की आतून तडकलं. मग म्हणता, पोरगं उगवलंच नाही! अरे, ड्रम कुणी फिरवला?

वाऱ्याचंही तेच. वारा कमी तर टाकीत भूस. वारा जास्त तर दाणासुद्धा मागून बाहेर. म्हणून चांगला चालवणारा काय करतो? थोडं चालवतो, थांबवतो, खाली उतरतो आणि मशिनीच्या मागं जातो. पडलेलं काड हातानं उचलतो, खालचे दाणे बघतो. टाकी किती भरली हे तर सगळेच बघतात हो! मागं किती सांडलं हे बघायला खाली उतरावं लागतं. आपण आयुष्यात कधी उतरलो का?

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. त्यात मी काही शहाणा नाही, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या गावाकडं एक तात्या होते. त्यांच्याकडं जुनं हार्वेस्टर. पंजाबातून वापरलेलंच आणलेलं, रंग उडालेला. पण त्याची निगा अशी, की देव्हाऱ्याची काय ठेवाल. हंगाम संपला की सगळं भूस झाडून काढायचे, कारण भुसात उंदीर येतो आणि वायरी खातो. पट्टे सैल करून ठेवायचे, साखळ्यांना तेल द्यायचे, पात्याचा दात अन् दात बघायचे. आणि हंगामात रोज पहाटे हातात ग्रीसचा पंप. बेअरिंगा बेअरिंगाला ग्रीस, रेडिएटरच्या जाळीतला कचरा साफ. लोक हसायचे. म्हणायचे, तात्या मशिनीला काकडा करतात.

२०१४ चा मार्च. त्या साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून महाराष्ट्रात गारपिटीनं काय केलं, ते तुम्हाला गावाकडून फोनवर कळलंच असेल. आमच्याकडं गहू उभा, आभाळ भरलेलं. सकाळी सातलाच सगळे तात्यांच्या दारात. मीही. म्हटलं, तात्या, लावा मशीन! तात्या खाली बसून ग्रीस भरतायत. म्हणाले, "दव आहे. काड ओलं आहे. दव सुकेपर्यंत मला माझं काम करू द्या." आम्ही चिडलो. पलीकडच्या शिवारात एक भाड्याचं नवं मशीन लोकांच्या घाईनं सातलाच वावरात घातलं. ओलं काड ड्रमला गुंडाळलं, पट्टा घसरून जळाला, आणि मशीन दुपारपर्यंत जाग्यावर. तात्यांचं जुनं साडेनऊला निघालं, ते न थांबता चाललं.

पण निघालं कुठं? पहिला नंबर आमचा असं मी धरून चाललो होतो. तात्यांनी मशीन वळवलं ते गावच्या टोकाला, एका विधवा बाईच्या एक एकरात. एका एकरासाठी एवढं अंतर, एवढं डिझेल! मग दुसऱ्यांचं, मग आमचं. संध्याकाळी गारा आल्या तेव्हा आमचं दोन एकर उभं होतं. तात्यांचं स्वतःचं तर सगळंच उभं होतं, त्यांनी ते शेवटीच ठेवलं होतं. अर्ध्या तासात सगळं झोपलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो भांडायला. गळ्यात ही माळ, कपाळाला हा बुक्का, आणि तोंडात काय, तर हिशेब! म्हटलं, तात्या, तिचं मागून केलं असतं तर काय बिघडलं असतं? तात्या मशिनीखालून बाहेर आले. हात पुसले. म्हणाले, "महाराज, तुमच्या घरात मास्तरचा पगार येतो. तिच्या घरात तो एक एकरच येतो."

बस्स. मी वीस वर्षं कीर्तनं केली होती, माउली. त्या एका वाक्यात माझी उफणणी झाली. किती भूस उडालं! दाणा किती राहिला, ते पांडुरंगाला माहीत.

तेव्हा समजलं, रोज पहाटेचं ग्रीस कशासाठी. गारा येणार त्या दिवशी मशीन चालावं म्हणून. आपला हरिपाठ, आपला नेम, तोही असाच. संकटाच्या दिवशी जप सुरू करणं म्हणजे ओल्या काडात मशीन घालणं. शरीर जुनं झालं, गुडघे वाजतात, असू द्या. जुनं असणं हा दोष नाही. न सांभाळणं हा दोष.

आणि शेवटची एक गोष्ट. एवढं मोठं मशीन, पण त्याला शेताचा कोपरा कापता येत नाही. वळायला जागा लागते. कोपरे हातानंच सोंगावे लागतात. तात्या ते कोपरे मालकाला विचारून सरवा वेचणाऱ्या बायांसाठी सोडायला लावायचे. म्हणायचे, मशिनीनं यांची सोंगणी घेतली, सरवा तरी राहू द्या. तुकोबाराय शेताची राखण करायला बसले, तर पाखरांना हाकललंच नाही, ही कथा महिपतीबुवांनी सांगितलेली तुम्हाला पाठ आहे. मालक रागावला, पंचांपुढं गेला, आणि रास मोजली तर अपेक्षेपेक्षा जास्तच भरली. पाखरांनी खाऊन कमी झालं नाही हो!

गोवंडीकरांनो, तुमच्या शेजारी देवनारचा डोंगर आहे. १९२७ पासून मुंबई तिथं आपलं भूस टाकते. आणि पाठीवर गोणी घेऊन बाया त्या भुसातून दाणा वेचतात. हाही सरवाच आहे. त्यातल्या कितीतरी जणी, किंवा त्यांच्या आया, गावी खरोखरीचा सरवा वेचत होत्या. त्या दारावरून गेल्या तर त्यांना हाकलू नका. ओला-सुका कचरा वेगळा करून द्या, म्हणजे त्यांचे हात कापणार नाहीत. तांब्याभर पाणी द्या. तुमच्या घराचा एक कोपरा, तुमच्या कमाईचा एक कोपरा न कापता सोडा. तिथं तो सावळा वेचायला येतो. कोणत्या रूपात येईल, सांगता येत नाही.

तीन गोष्टी घेऊन घरी जा. रोज पहाटे नेमाचं ग्रीस. रोज रात्री मागं उतरून, काय सांडलं ते बघणं. आणि एक कोपरा दुसऱ्यासाठी.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!