चित्रविद्येचें शिक्षण आणि तरुणाचें पहिलें पाऊल
(ज्युबिली समारंभांतील सभेपुढें केलेलें भाषण)



"मुलाच्या हातांत कला आहे खरी, पण तिच्यावर चूल पेटेल काय?" असा प्रश्न आईबाप आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्यास नुसत्या आशीर्वादानें उत्तर देणें आम्हांस उचित वाटत नाहीं. तेव्हां कलाविद्यालयांत जाऊन तरुणास काय लाभतें, हें घडलेल्या उदाहरणांवरूनच पाहूं.

मुंबईचें सर ज. जी. कलाविद्यालय सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें १८५७ सालीं निघालें. २०२३ सालीं त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं तेथें विद्यार्थी म्हणून आले, पुढें तेथेंच शिक्षक झाले आणि १९३१ सालीं निवृत्त झाले. त्यांचीं चित्रें पोस्टकार्डांवरून व पुस्तकांतून घरोघर गेलीं. समोर बसलेल्या माणसाकडे पाहून तासन्‌तास रेखाटण्याची शिस्त विद्यालय देतें, हें सर्वांस ठाऊक आहे. काम देणाऱ्या लोकांपर्यंत पोहोंचण्याची वाटही तेंच दाखवितें, हें मात्र पुष्कळजण विसरतात. विद्यालयाच्या नांवानें दार उघडतें. आंत गेल्यावर हातच बोलतो.

आमच्या समाजांतील आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे गोमंतकीय चित्रकारही तेथेंच शिकले व तेथेंच शिकवूं लागले. त्यांची कन्या आंजेला हीही त्याच विद्यालयांत शिकून चित्रकार झाली. मुलींच्या आईबापांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आंजेलो द फोन्सेका यांची गोष्ट मात्र निराळी आहे. १९०२ सालीं गोव्यांत जन्मलेला हा तरुण वैद्यकाचा अभ्यास सोडून मुंबईच्या कलाविद्यालयांत आला. तेथेंही मन रमेना, म्हणून तो शांतिनिकेतनास गेला आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बसू यांच्या सहवासांत त्यास आपली वाट सांपडली. त्यानें पवित्र मरियेस साडी नेसविली, हिंदी स्त्रीचा चेहरा दिला. गोव्यांत त्यावर रोष झाला. रोष करणारे आपलेच धर्मबंधु होते, हें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो, पण सांगितलें पाहिजे. पुढें पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत त्यास आसरा मिळाला, आणि १९६७ सालीं देहान्त होईपर्यंत त्याचा कुंचला थांबला नाहीं. विद्यालय निवडतांना इमारत पाहूं नये, गुरु पाहावा, असें आम्हीं म्हणतों तें याच कारणानें.

आतां कोणी म्हणेल, फ्रान्सिस न्यूटन सूझा यास तर १९४५ सालीं विद्यालयांतून काढून टाकलें होतें. त्याचें काय अडलें? अडलें नाहीं, हें खरें. पण १९४७ सालीं त्यानें जो प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचा संघ उभारला, त्यांतले रझा व बाकरे हे त्याच विद्यालयांत शिकलेले होते. त्यांच्या जोडीला के. एच. आरा होते, त्यांनीं तर घरकाम करीत चित्रें काढलीं. म्हणजे पदवीवांचूनही चित्रकार होतो. सोबतीवांचून मात्र फार कठीण. विसाव्या वर्षीं आपल्याच वयाच्या दहाजणांनीं आपलें चित्र निर्दयपणें तपासावें, हा लाभ घरीं बसून मिळत नाहीं. रझा १९५० सालीं फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ति मिळवून पॅरिसला गेले, तेंही शिक्षणासाठींच.

खर्चाचेंही बोललें पाहिजे. पदवीचा अभ्यास चार वर्षांचा, आणि रंग, कागद, कॅनव्हास यांस पैसा लागतो. विकलें जाणारें पहिलें चित्र कधीं येईल, याचा भरंवसा कोणी देऊं नये. परंतु बॉम्बे आर्ट सोसायटीच्या आणि राज्य कला प्रदर्शनांत विद्यार्थ्यांच्या कामासही स्थान असतें. पाहणाऱ्यांची नजर प्रथम तेथें पडते. ज्यास एकट्यानें प्रदर्शन भरवावयाचें असेल त्यास जहांगीर कलादालनासाठीं फार वाट पाहावी लागते. तोंवर शाळेंत चित्रकला शिकविणें किंवा जाहिरातीचें काम करणें यांत आम्हांस कांहींच उणेपणा दिसत नाहीं; धुरंधरांनीं पोस्टकार्डें काढलींच कीं!

ज्यांच्या घरीं असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनीं चित्रकलेची एलिमेंटरी व इंटरमिजिएट ही सरकारी परीक्षा आधीं द्यावयास लावावी, आणि चित्रें रद्दींत न घालतां जपून ठेवावींत. प्रवेशाविषयीं कांहीं विचारावयाचें असल्यास तीं चित्रें घेऊन आमच्याकडे यावें.