यंत्राचा ठेका

डीजे म्हटलं की माझ्या पिढीच्या कपाळाला आठी पडते. पण हा ठेका आला कुठून? अमेरिकेतलं डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर, आपल्या पिंपरी-चिंचवडची थोरली बहीणच. तिथे १९८०च्या दशकात वॉन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या शाळासोबत्यांनी 'टेक्नो' घडवलं. इकडे मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा कुणी फारसं ऐकलं नाही. २०१० साली तबकडी पुन्हा निघाली आणि जगानं कान टवकारले.

चाकण-भोसरीची पोरं दिवसभर प्रेस शॉपचा ठोका ऐकतात, रात्री संगणकावर हलगी-संबळ कापून जोडतात. पूर्वी गाण्याखाली नुसता बास घालत. आता ठेका पुढे, गाणं मागे. वरातीत वाजतं तेच संदलमध्येही वाजतं. ठेक्याला जात नसते.

मात्र २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. तेव्हा निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची, दिवसा ५५ची. तिसरी पाळी करून आलेला कंत्राटी कामगार झोपतो सकाळी. त्याची रात्र नियमात नाही. पोरांनो, ठेका तुमचाच आहे. आवाजाची कळ तेवढी त्याला विचारून फिरवा.